ब्लेडच्या आधी फेस तपासा
सेफ्टी रेझरने (एकच सुटं ब्लेड लावायचा रेझर) आणि ब्रश-साबणाने दाढी करायला लागलेल्या नवख्याने आग होते म्हटल्यावर सगळ्यांनी खापर ब्लेडवर फोडलंय. चार प्रकारची ब्लेडं लावून बघायला हरकत नाही, पण नवख्याच्या बाबतीत गुन्हेगार बहुधा फेस असतो. पाणी कमी पडलं की तो पांढराशुभ्र, फुगीर होतो. दिसायला झकास, पण निसरडेपणा नाही. चिमटीत धरून चोळा. बोटं अडखळली तर ब्रशचं टोक पाण्यात टेकवा, परत घोळवा, असं तीनचारदा. ओलसर चकाकी आली आणि बुडबुडे दिसेनासे झाले की जमला. एवढं करूनही फेस मिनिटभरात बसत असेल आणि बेसिनला राखाडी चिकट थर धरत असेल, तर पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम साबणाला धरून न विरघळणारा साका करतं. एकदा डिस्टिल्ड वॉटरने फेस करून बघा, शंका फिटेल.

ब्लेड गालाशी ३० अंशांच्या कोनात धरा असं सांगतात, तो कोन मात्र मोजत बसू नका. रेझरचं डोकं गालावर टेकवा, दांडा आडवा, गालाशी काटकोनात. तो हळूहळू खाली आणा, केस कापल्याची खरखर ऐकू आली की तिथेच थांबा. दाब अजिबात नको, रेझरचं वजन पुरतं.