मदत हवी आहे: ग्रंथालयात 643 पुस्तकं कमी भरली, वसुली माझ्याकडून म्हणतात

लायब्ररीवाली | 6 मे, दुपारी 1:10

अर्जंट आहे. स्टॉक व्हेरिफिकेशन केलं. रजिस्टरप्रमाणे 18,412 पाहिजेत, भरली 17,769. म्हणजे 643 कमी. प्राचार्य म्हणतात शनिवारपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर तुमच्याकडून वसुली. कोणाकडे खुलाशाचा नमुना असेल तर टाका. राइट ऑफ, म्हणजे गहाळ पुस्तकं नोंदीतून कमी करणं, कसं करतात तेही सांगा. लवकर प्लीज, दोन वाजता आमच्याकडची लाइट जाते.

काळी_माती | 1:32

कॉलेज अनुदानित की विनाअनुदानित? तुम्ही कायम की मानधनावर? रुजू कधी झालात? चार्ज कोणाकडून घेतला? एवढं कळल्याशिवाय कोण कसला नमुना टाकणार.

तर्री_पोहा | 1:40

643 पुस्तकं गेली म्हणजे गावात वाचणारे आहेत. खुलासा कायले, सत्कार ठेवा.

बारकोड_भाऊ | 1:58

ताई, हा सगळा त्रास सॉफ्टवेअर नसल्यामुळे. कोहा टाका. फुकट आहे, 2000 साली न्यूझीलंडच्या एका सार्वजनिक ग्रंथालयात सुरू झालं, आज जगभर चालतं. त्यात इन्व्हेंटरीचं टूलच आहे. स्कॅनरनं बारकोड वाचत जायचं, फाइल चढवायची, न सापडलेल्यांची यादी आपोआप. आमच्या कॉलेजात मीच बसवलं. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी उबंटूसारखी लिनक्स लागेल. इन्स्टॉल करताना अडलात तर विचारा.

ढगाळ | 2:05

कोहाच कशाला? इन्फ्लिबनेट या यूजीसीच्या केंद्राचं सोल नावाचं सॉफ्टवेअर आहे की. कॉलेजांसाठीच केलेलं आहे, गांधीनगरहून सपोर्ट मिळतो. कोहाला सर्व्हर सांभाळणारा माणूस लागतो. तुमच्याकडे तुम्ही आहात, सगळ्यांकडे नसतो.

बारकोड_भाऊ | 2:11

सोलला पैसे मोजा, वर विंडोज घ्या. आणि सपोर्टचा फोन कधी लागलाय का तुम्हाला?

ढगाळ | 2:14

लागलाय. तीनदा.

सेवानिवृत्त_काका | 3:20

बाई, सॉफ्टवेअरचं भांडण बाजूला ठेवा. मी 31 वर्षं अमरावती जिल्ह्यात ग्रंथपाल होतो, म्हणून विचारतो. तुम्ही पुस्तकं मोजली की जुळवली?

लायब्ररीवाली | सायंकाळी 5:45

लाइट आत्ता आली. काका, मोजलीच. रॅकप्रमाणे मोजून बेरीज केली. कमवा आणि शिका योजनेतली दोन मुलं मदतीला होती. आठवडाभर मोजत होतो, वरून टिनाचं छत. परिचराची जागा रिकामी आहे, झाडू मारण्यापासून सगळं मीच करते.

बाकी उत्तरं: यवतमाळ जिल्हा. कॉलेज अनुदानित, पण मी मानधनावर. मागच्या सप्टेंबरपासून. आधीचे सर निवृत्त झाले.

सेवानिवृत्त_काका | 6:10

मग पडताळणी अजून झालेलीच नाही. मोजणीतून फक्त एक आकडा कमी आहे एवढं कळतं, कोणतं पुस्तक नाही हे कळत नाही. खुलासा आकड्याचा देता येत नाही, दाखल क्रमांकांचा, म्हणजे नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला दिलेल्या क्रमांकांचा, द्यावा लागतो.

जुनी पद्धत सांगतो, हिला लाइट लागत नाही. कागदावर दहा बाय दहाचे चौकोन आखा. एका पानावर शंभर क्रमांक. तुम्हाला 185 पानं लागतील. एकानं पुस्तक उघडून दाखल क्रमांक ओरडायचा, दुसऱ्यानं त्या चौकोनात काट मारायची. रॅकवर पुस्तकं विषयवार असतात, त्यामुळे क्रमांक उड्या मारतात आणि पानं सारखी उलटावी लागतात. म्हणून पंचवीस-पंचवीस पानांचे गठ्ठे करून टेबलावर ओळीनं मांडा. लेबल गळालेलं, पहिलं पान फाटलेलं असेल तर सिक्रेट पेज बघा, म्हणजे प्रत्येक पुस्तकात दाखल क्रमांक पुन्हा लिहायचं ठरलेलं आतलं पान. तुमच्या कॉलेजचं कितवं आहे?

आणि दुसरं. घरी गेलेली पुस्तकं धरली का? प्राध्यापकांकडची?

लायब्ररीवाली | 6:25

सिक्रेट पेज कितवं ते माहीत नाही. घरी गेलेली धरली नाहीत. रॅकवरची मोजली फक्त.

तर्री_पोहा | 6:27

🤦

संत्रा_बर्फी | रात्री 8:40

ताई, मी मोर्शीकडची. आमच्या गावातल्या वाचनालयात उधई लागली होती, दोन कपाटं आतून पोकळ करून टाकली. वरून पाहा त पुस्तक साबूत, हातात घेतलं की माती. तुमचीबी तशीच गेली असतील. कडुलिंबाचा पाला वाळवून पानात ठेवा, डांबर गोळ्या ठेवा. माह्या आजीनं पोथ्या अशाच सांभाळल्या.

काळी_माती | 8:55

पाल्यानं कसर पळते, उधई नाही. उधई जमिनीतून भिंतीच्या कडेनं मातीची नळी करत चढते. रॅक भिंतीपासून हातभर लांब घ्या, मागची नळी मोडा, बुडाशी औषध मारून घ्या. पण धागा उधईचा नाहीये.

संत्रा_बर्फी | 8:58

मी चांगल्यासाठी सांगून राहिली बाप्पा.

हिशेबनीस | 9:30

उगाच घाबरू नका. केंद्र सरकारचे सर्वसाधारण वित्तीय नियम, 2017, नियम 215 वाचा. हजारी 5 पुस्तकं गहाळ होणं वाजवी धरतात. 18,412 ला हिशेब केला तर 92. तेवढी सरळ राइट ऑफ करा, उरलेल्याचं बघू.

सेवानिवृत्त_काका | 9:52

हिशेबनीस, ही चूक निम्म्या महाराष्ट्रात होते. हजारी 5 ही साठ्यावर नाही. वर्षभरात देवघेव झालेली आणि जागेवर वाचलेली पुस्तकं किती, त्यावर आहे. बाईंकडे वर्षाला समजा 6,000 ची उलाढाल असेल तर वर्षाला 30. तेही अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जीपणा नसेल तर. 1,000 रुपयांवरचं किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर त्याची चौकशी करावीच लागते. त्याच नियमात असंही आहे की 20,000 पर्यंत पुस्तकं असतील तर पडताळणी दरवर्षी पूर्ण करायची. बाई, तुमच्याकडे याआधीची कधी झाली?

आणि नियम केंद्राचा आहे. कॉलेजं ठरावात त्याचा आधार घेतात, पण मंजुरी ग्रंथालय समिती आणि संस्थेचीच लागते.

हिशेबनीस | 9:58

मी साठ्यावरच ऐकलं होतं.

सेवानिवृत्त_काका | 10:01

ऐकलं असेल. वाचा.

लायब्ररीवाली | 10:30

शेवटची पडताळणी 2011 ची. फाइल सापडली.

काका, एक सांगायचं राहिलं. रुजू झाले त्या दिवशी क्लार्कनं एक कागद समोर ठेवला होता. 'ग्रंथालयाची चावी व 18,412 पुस्तके ताब्यात मिळाली.' मी सही केली. पहिला दिवस होता, सगळे उभे होते, मोजून घेते असं म्हणायची हिंमत झाली नाही. आता तोच कागद दाखवतात.

काळी_माती | 10:34

हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं ताई!! खरा मुद्दा तर हाच आहे.

विदर्भ_एक्सप्रेस | 10:50

वसुली बेकायदेशीर आहे, थेट कोर्टात जा. उच्च शिक्षण सहसंचालकांकडे तक्रार करा, माहिती अधिकारात चार्ज लिस्ट मागा. घाबरता कशाला?

काळी_माती | 10:56

मानधनावरच्या माणसाला पुढच्या वर्षी नेमणूकपत्र पाहिजे असतं भाऊ. कोर्टात तुम्ही जा.

सेवानिवृत्त_काका | 11:15

उद्या सकाळी पहिलं काम एक अर्ज. मजकूर एवढाच: रुजू होताना यादीनिहाय, क्रमांकनिहाय चार्ज मिळालेला नाही, ताबा पावतीवरचा आकडा हा दाखल नोंदवहीतला शेवटचा क्रमांक आहे, मोजलेला साठा नाही, 2011 नंतर पडताळणी झालेली नाही, क्रमांकनिहाय पडताळणी चालू आहे, दहा दिवसांची मुदत मिळावी. आवक क्रमांक घाला आणि ओसीवर, म्हणजे आपल्याकडे ठेवायच्या प्रतीवर, सही-शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून हलू नका. भाषा गोड ठेवा. मग चौकोन आखायला बसा.

नेट_सेट_२०२५ | 7 मे, सकाळी 9:05

मॅडम, तुमच्याकडे ग्रंथपालाची कायम जागा निघणार आहे का? माझं एमलिब झालंय, सेट पण आहे. ॲड कुठे येते?

तर्री_पोहा | 9:12

थांब ना बे. इथं त्यांचीच निघून राहिली.

लायब्ररीवाली | 9 मे, रात्री 9:20

अर्ज दिला. प्राचार्यांनी वाचला, बोलले काहीच नाहीत, पण मुदत मिळाली. क्लार्क ओसीवर शिक्का मारेना, शाई संपली म्हणे. मी माझं देवघेवीचं स्टॅम्पपॅड नेऊन दिलं.

185 पानं आखली. सकाळी सात ते अकरा बसतो, नंतर छत तापतं. कूलर आहे, पण त्याच्यासमोरच्या रॅकमधली पुस्तकं दमट होऊन फुगलीत, म्हणून तोंड फिरवून ठेवलाय. आता रॅक कोरडे, आम्ही घामाघूम. सिक्रेट पेज 29 आहे. कवितेची पुस्तकं एवढी पातळ की काहींना 29 वं पान लागायच्या आधीच मागचं कव्हर येतं.

बारकोड_भाऊ | 9:31

एवढं हातानं करताच आहात तर त्याच हातानं एक्सेलमध्ये चढवा. पुढे कोहात इम्पोर्ट होईल. मी फुकट करून देतो, खरंच.

ढगाळ | 9:33

आले पुन्हा.

लायब्ररीवाली | 13 मे, दुपारी 12:50

काका!! 72 नंबरचं पान कोरंच्या कोरं राहिलं. 7,101 ते 7,200. एकावरही काट नाही. बाकीच्या पानांवर कुठे दोन, कुठे पाच चौकोन रिकामे, आणि हे पूर्ण पांढरं. मुलगा म्हणाला, मॅडम हे कपाटच कोणी उचलून नेलं वाटते.

सेवानिवृत्त_काका | 1:15

कपाट नाही. चोर ओळीनं क्रमांक बघून चोरत नाही. दाखल नोंदवही काढा, 7,100 च्या पुढचं पान उलटा आणि पहिली नोंद वाचा.

लायब्ररीवाली | 1:40

आधीच्या पानावर शेवटची ओळ 7,100. पान उलटलं की पहिली ओळ 7,201! बिल नंबर तोच, तारीख तीच, विक्रेता तोच, अक्षरही तेच. लिहिताना एकाच्या जागी दोन पडलं आणि तिथून पुढे सगळं तसंच चालत आलं. ही शंभर पुस्तकं कधी विकतच घेतलेली नाहीत.

संत्रा_बर्फी | 1:44

माय वं! न घेतलेल्या पुस्तकाची वसुली!

तर्री_पोहा | 1:47

उधईनं आकडा खाल्ला म्हणायचा. 😀

सेवानिवृत्त_काका | 2:30

नोंदवहीत खाडाखोड करू नका. त्या दोन ओळींच्या मध्ये शेऱ्यात लाल शाईनं 'क्र. 7,101 ते 7,200 अनवधानाने वगळले' असं लिहा, तुमची आणि प्राचार्यांची सही घ्या, तारीख घाला. दोन्ही पानांची झेरॉक्स खुलाशाला जोडा. आता बाकीच्या 543 चं बोला.

लायब्ररीवाली | 17 मे, रात्री 10:05

उशीर झाला, सॉरी. हिशेब असा लागला. विद्यार्थ्यांकडे 37, त्यांचं नो ड्यूज अडवलंय, टीसीसाठी येतीलच. प्राध्यापकांकडे 188. एका सरांच्या नावावर 41 आहेत, त्यातलं सर्वात जुनं 2003 मध्ये नेलेलं. मी फोन केला तर म्हणाले, ती माझीच आहेत असं मला वाटत होतं.

शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात 'रद्द' लिहिलेली 71 निघाली, 2011 च्या ठरावातली. मग बुक बँकेचे, म्हणजे विद्यार्थ्यांना वापरायला द्यायच्या पाठ्यपुस्तकांचे, संच. ते ऑफिसातल्या लोखंडी कपाटात होते आणि किल्ली कोणाकडेच नव्हती. शेवटी निवृत्त सरांना फोन लावला. आधी रागावले, मी काय चोर आहे का म्हणाले. मग स्वतःच बसनं आले. कपाटामागच्या खिळ्याला अडकवलेली किल्ली काढून दिली, पाणी प्यायले, सगळे रॅक एकदा फिरून बघितले आणि गेले. संचांमध्ये 96 पुस्तकं निघाली.

म्हणजे खरंच न सापडलेली 151.

हिशेबनीस | 10:20

100, 37, 188, 71, 96, 151. बेरीज 643. बरोबर आहे.

काळी_माती | 10:24

151 मध्ये 1,000 वरची किती?

लायब्ररीवाली | 10:31

तीन. दोन इंग्रजी संदर्भग्रंथ, एक शब्दकोश. शब्दकोश प्राचार्यांच्या केबिनमध्ये बघितल्यासारखा वाटतो, पण विचारायचं कसं?

सेवानिवृत्त_काका | 10:40

विचारू नका. 'पडताळणीसाठी सर्व विभाग व कक्षांतील ग्रंथ ग्रंथालयात जमा करावेत' अशी सूचना काढा, पहिली सही त्यांचीच घ्या. राहिलेल्यांची यादी दाखल क्रमांक, नाव, किंमत, खरेदीचं वर्ष असे रकाने करून ग्रंथालय समितीपुढे ठेवा. समितीनं निर्लेखनाची, म्हणजे राइट ऑफची, शिफारस केली की ठराव संस्थेकडे जाईल. तुमच्या कालावधीत गहाळ झालं असं एकाही पुस्तकाबद्दल सिद्ध होत नाही, हे वाक्य इतिवृत्तात आलंच पाहिजे. आणि ती जुनी ताबा पावती रद्द करून नवी क्रमांकनिहाय घ्या.

विदर्भ_एक्सप्रेस | 10:44

मी तर म्हणतो मानसिक त्रासाची भरपाईपण मागा.

लायब्ररीवाली | 20 मे, दुपारी 1:25

यादी दिली, आवक नंबर मिळाला. शब्दकोश परत आला, शिपायानं आणून दिला, आत गेल्या वर्षीच्या लग्नाची पत्रिका खूण म्हणून ठेवलेली. म्हणजे 150. वसुलीचं विचारलं तर प्राचार्य म्हणाले, बघू.

सेवानिवृत्त_काका | 1:50

'बघू' चालणार नाही. लेखी घ्या.

लायब्ररीवाली | 1:54

लेखी 'बघू' कोण देतं काका. लाइट चालली, ठेवते.