जानचा राग येतो, शिल्पासाठी जीव तुटतो, मग "मोमो"ला हसू कसं येतं?

खानापूरची_लेक

मंडळी, राग मानू नका पण एक विचारायचंय, डोक्यातनं जाईना झालंय. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा ती जान कुमार सानूची, म्हणजे गायक कुमार सानूच्या पोराची, जुनी क्लिप परत आली, बिग बॉस १४ मधली, ऑक्टोबर २०२० ची. तो शोमधल्या निक्की तांबोळीला म्हणतो माझ्यासमोर मराठीत बोलू नको, मला चीड येते. सगळे लगेच पेटले, मुंबईत वाढला आणि मराठीची चीड येते म्हणे, आणि पेटायलाच पाहिजे, मला अजून तितकाच राग येतो. आपण बेळगाव भागातली माणसं, दुकानावर मराठी पाटी लावायची म्हटलं तरी इथं काय होतं ते आपल्याला कोणी सांगायला नको.

पण त्याच दिवशी त्याच ग्रुपवर दुसरी क्लिप आली, डान्स दीवाने ३ ची, २०२१ ची. गुवाहाटीहून आलेल्या लहान पोरीला स्टेजवर बोलवताना शोचा सूत्रसंचालक राघव जुयाल "मोमो", "चायनीज" करत तोंडाला येईल ते चिनी असल्यासारखं बडबडतो. आणि ज्यांनी आत्ता मराठीसाठी शिव्या घातल्या त्यांनीच हसून लोळणारे स्मायली टाकले!! मी लिहिलं की काका हे पण तेच आहे की ओ, तर उत्तर आलं, अगं तो जोक आहे, तू उगाच मनाला लावून घेतेस.

जोक कसा? आसाम भारतात आहे. त्या लेकराला भरल्या स्टेजवर तू इथली नाहीस, तू चीनची, असं म्हणणं जोक असेल तर २००७ ला आपण एवढे का चिडलो होतो? मी तेव्हा शाळेत होते पण घरातली चर्चा चांगली आठवते. ब्रिटनच्या सेलिब्रिटी बिग ब्रदर शोमध्ये शिल्पा शेट्टीला सोबतच्या जेड गुडीनं "शिल्पा पापडम" म्हटलं, दुसरी एक म्हणाली भारतात हातानंच जेवतात ना, की ते चीनमध्ये? पाटण्यात पुतळे जाळले, ब्रिटनचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन तेव्हा नेमके भारतात होते, त्यांना जाईल तिथं तेच विचारत होते. त्या दुसरीला भारत आणि चीन यातला फरक कळेना म्हणून आपण तिला अडाणी म्हणत होतो. मग गुवाहाटी आणि चीन यातला फरक आपल्या लोकांना कळेना तर त्याला काय म्हणायचं?

मला खरंच कळून घ्यायचंय. यात काही फरक आहे का जो मला दिसत नाही?

---

निपाणीकर_तंबाखू

ताई फरक आहे आणि तो एवढाच की मागं कोण उभं आहे. नीट बघा. जान कुमारच्या वेळी मनसे आणि शिवसेनेनं दम भरला, शूटिंग बंद पाडतो म्हणाले, आणि लगेच चॅनलचं माफीचं पत्र थेट मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंच्या नावानं गेलं, त्या पोरानं पण शोमध्ये माफी मागितली, बापानं बाहेरनं व्हिडिओ टाकून मागितली. राघव जुयालच्या वेळी आसामचे मुख्यमंत्री हिमंता बिस्वा सरमा बोलले आणि मग त्यानं माफी मागितली, ती पण खुलासे देत की पूर्ण एपिसोड बघा, ती पोरगी आधी स्वतःच म्हणाली होती मला चायनीज बोलता येतं. अहो ती लहान लेकरू आहे, मोठ्या माणसानं कुठं थांबायचं ते त्यालाच कळायला पाहिजे.

म्हणजे शब्द किती वाईट होता यावर माफी मिळत नाही, मागं मुख्यमंत्री आहे का, पक्ष आहे का, यावर मिळते. आणि ज्याच्या मागं कोण नाही त्यानं काय करायचं? बिग बॉस १६ मध्ये ताजिकिस्तानचा अब्दू रोझिक होता, त्याच्या पाठीवर सोबतच्यांनी घाण शब्द लिहिला, त्या बिचाऱ्याला हिंदी धड येत नव्हतं, पाठीवर काय लिहिलंय ते त्याला कळणार कसं. ताजिकिस्तानचा कुठला पक्ष येणार होता फिल्मसिटीच्या गेटवर?

आता आपला विचार करा. उद्या एखाद्या शोमध्ये सीमाभागातल्या मराठी पोराला कोण काय बोललं तर कुणाचा मुख्यमंत्री बोलणार, मुंबईचा की बेंगळूरचा? मुंबईवाले १ नोव्हेंबरला काळ्या दिनाचा एक मेसेज टाकतात, संपलं. म्हणून मला वाटतं की हे माफी मिळवायचं जे चालू आहे ना त्यात आपल्यासारख्यांचा कधीच नंबर लागणार नाही, आणि ज्यांचा नंबर लागत नाही त्यांनी तरी एकमेकांवर हसू नये.

---

मराठा_एलआय_रिटायर्ड

जय हिंद. मी जास्त टीव्ही बघत नाही पण या विषयावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सगळे २००७ म्हटलं की शिल्पा शेट्टी म्हणतात. त्याच वर्षीचं दुसरं प्रकरण कोणाला आठवतंय का? इंडियन आयडॉल ३. प्रशांत तमांग जिंकला, दार्जिलिंगचा पोरगा, कोलकाता पोलिसात शिपाई. दुसरा आला तो अमित पॉल, शिलाँगचा. त्या पहाडातल्या लोकांनी वर्गण्या काढून एसएमएस केले होते. आणि तो जिंकल्यावर दिल्लीच्या एका रेडिओ जॉकीनं हवेवर थट्टा केली की गोरखे गायला लागले तर आपल्या घरांची राखण कोण करणार. सिलिगुडीत दंगल झाली, कर्फ्यू लागला, लष्कर बोलवावं लागलं. जानेवारीत आपण इंग्रजांना वर्णद्वेषी म्हणत होतो, सप्टेंबरमध्ये आपल्याच राजधानीत हे झालं, आणि माझ्या ओळखीच्या कितीतरी शिकलेल्या लोकांना त्या रेडिओवाल्याच्या बोलण्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मी गोरखा रायफल्सच्या पोरांसोबत ड्युटी केली आहे. बर्फात एकाच बंकरमध्ये राहिलोय. मेजर धनसिंग थापा, ८ गोरखा रायफल्स, १९६२ चं परमवीर चक्र, त्यांचा जन्म शिमल्याचा. आणि आपण त्यांच्या माणसाला रस्त्यात विचारतो, नेपाळला कधी जाणार? इथं बेळगावात कॅम्पमध्ये लष्कराचं सेंटर असल्यामुळं देशभरातले जवान येतात, ईशान्येकडचा जवान युनिफॉर्ममध्ये असला की सलाम, आणि तोच साध्या कपड्यात खडेबाजारला गेला की पोरं मागनं "ए चिंकी" म्हणून ओरडतात. मी स्वतः कानांनी ऐकलंय, पोरांना थांबवून बोललोय पण. मलेशियाहून मेडिकल शिकायला आलेल्या पोरींना पण तसंच ओरडतात.

लेकी, तू ग्रुपवर बोललीस ते बरोबर बोललीस.

---

शहापूरचा_संदीप

सगळ्यांचा मान राखून सांगतो, मला हे पूर्ण पटलेलं नाही. सगळं एकाच मापानं मोजता येत नाही. जान कुमारनं चीड येते असं सरळ सरळ म्हटलं, मनातलं तोंडावर आलं. राघवच्या मनात द्वेष नव्हता असं मला वाटतं, तो मूर्खपणा होता. द्वेष आणि मूर्खपणा यात फरक करायला पाहिजे की नको? शिल्पानं सुद्धा बाहेर आल्यावर जेडबद्दल मनात काही ठेवलं नाही, उलट २००८ ला हिंदी बिग बॉसचा दुसरा सीझन शिल्पाच करत होती तेव्हा त्यात जेड आली, आणि तिथंच तिला कॅन्सर असल्याचं कळलं, शो सोडून गेली, मार्च २००९ ला वारली. म्हणजे जिचा अपमान झाला तिनं माफ केलं आणि आपण अजून हिशेब मांडून बसलोय.

आणि दुसरं, २०१० ला बिग बॉस ४ मध्ये पाकिस्तानची वीणा मलिक होती, तेव्हा शिवसेनेनं पाकिस्तानी कलाकार नकोत म्हणून विरोध केला, लोणावळ्याच्या सेटपर्यंत गोष्ट गेली. त्याला पण कोणी दुटप्पीपणा म्हणतील. मी म्हणणार नाही. २६/११ ला दोन वर्षं झाली नव्हती, मुंबईची माणसं मेली होती, तो राग खरा होता.

---

खानापूरची_लेक

संदीपदादा, राग खरा होता हे मान्य, कोण नाही म्हणतंय. पण राग सरकारवर, हल्ला करणाऱ्यांवर असायला पाहिजे ना. वीणानं बंदूक घेतली नव्हती. आणि मूर्खपणाचं म्हणाल तर जेडची बाजू घेणारे पण तेच म्हणत होते की ओ, बिचारी शिकलेली नाही, तिला कळत नाही. तेव्हा आपण ते ऐकून घेतलं का? नाही ऐकलं. ज्याला लागलं त्याच्या दृष्टीनं बघितलं, कारण लागलेले आपण होतो.

शिल्पानं माफ केलं तो तिचा मोठेपणा, पण ते नंतरचं. आधी तिकडं काय झालं ते बघा. ऑफकॉम म्हणून त्यांची नियामक संस्था आहे, तिच्याकडं ४४,००० च्या वर तक्रारी गेल्या, प्रायोजक कंपनीनं हात काढून घेतला, जेडला तिथल्याच लोकांनी मतं देऊन बाहेर काढलं, आणि ऑफकॉमनं निकाल देऊन चॅनल ४ ला तो स्वतःच्या पडद्यावर सांगायला लावला. तक्रार करणारे बहुतेक तिथले लोक होते. म्हणजे ज्यांच्या माणसानं अपमान केला तेच बोलले. आपल्याकडं ज्याचा अपमान झाला त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी स्मायली टाकायचे, हे मला खुपतंय.

---

पुण्यात_बेळगावकर

ताई अगदी मनातलं. मी शिक्षणाला पुण्यात आले आणि इथंच नोकरीला लागले. आपल्याकडं बायका पण "मी येतो, मी जातो" म्हणतात, तसं बोलले की ऑफिसात हशा, एकजण तर सरळ म्हणाला "तुम्ही कानडी ना, मग मराठी बरं येतं की तुम्हाला". माझ्या आजोबांनी सीमालढ्यात तुरुंग बघितलाय आणि मला पुण्यात विचारतात तुम्ही मराठी कशा. आणि हीच माणसं जान कुमारवर पानंच्या पानं लिहीत होती. मराठीचा अपमान झाला की यांना राग येतो पण मराठी माणूस हिणवला की तो यांचा विनोद असतो, फक्त तो माणूस यांच्या गावचा नसला म्हणजे झालं.

त्यामुळं त्या आसामच्या पोरीचा चेहरा बघितला की मला वेगळंच होतं. सगळे हसत असतात म्हणून आपण पण हसायचं, ते कसं हसावं लागतं ते मला ठाऊक आहे.

---

चिक्कोडी_दोन्ही_भाषा

नमस्कार, आमची आई कन्नड, वडील मराठी, घरात दोन्ही चालतं, बिग बॉस पण दोन्ही बघतो, सुदीपचं कन्नड पण आणि मराठी पण. एक सांगतो, कन्नडच्या घरात कोण जास्त इंग्रजी बोलला तर बिग बॉस कन्नडमध्ये बोला म्हणतो, मराठीत पण तसंच. त्याला कोण विरोध करत नाही आणि करू पण नये, शोची भाषा ती शोची भाषा. पण आमच्या आईकडच्या लोकांना मराठी शोमधला तो नियम संकुचित वाटतो आणि वडिलांकडच्यांना कन्नडमधला तोच नियम दादागिरी वाटतो. मी दोन्हीकडं जेवतो त्यामुळं मला दोन्ही ऐकावं लागतं.

आणि शिल्पा शेट्टी! ती जन्मानं मंगळूरची, वाढली मुंबईत. २००७ ला आईकडचे म्हणत होते आमच्या कर्नाटकच्या पोरीचा अपमान, वडिलांकडचे म्हणत होते आमच्या मुंबईच्या पोरीचा. त्या एका महिन्यात आमच्या घरात सीमावाद नव्हता.

२०२५ च्या फेब्रुवारीत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, बेळगावजवळ मराठीत बोलला नाही म्हणून कंडक्टरला मारलं, लगेच चित्रदुर्गाजवळ महाराष्ट्राच्या एसटीच्या ड्रायव्हरला काळं फासलं, दोन्हीकडच्या बसा बंद पडल्या. माझ्या फोनवर दोन्ही व्हिडिओ आले पण एकाच माणसाकडनं दोन्ही आले असं झालं नाही. ज्यानं हा पाठवला त्यानं तो नाही पाठवला. दोघं पण ड्युटीवरचे गरीब नोकरदार होते.

मराठा एलआय काकांनी सिलिगुडीचं सांगितलं तसं आपल्या कर्नाटकातलं पण आठवा, ऑगस्ट २०१२. मेसेजवर अफवा उठली आणि बेंगळूरहून ईशान्येची हजारो पोरं गुवाहाटीच्या रेल्वेत बसून पळाली, जादा गाड्या सोडाव्या लागल्या, सरकारला एकगठ्ठा एसएमएसवर बंदी घालावी लागली. नुसत्या एका मेसेजवर कोण घरदार सोडून पळत नाही. रोज रस्त्यात कोण ना कोण तू इथला नाहीस म्हणत असतो, म्हणून तो मेसेज खरा वाटतो.

---

कॅम्प_वकील

वरचं सगळं वाचलं. निपाणीकरांचा मुद्दा बरोबर आहे की माफी दबावावर मिळते, पण कायदा आहे आणि तो कोण वापरत नाही. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४, त्यातला नियम ६, म्हणजे प्रोग्रॅम कोड. त्यात स्पष्ट लिहिलंय की विशिष्ट वांशिक, भाषिक आणि प्रादेशिक गटांना हिणवणारे, तुच्छतेनं दाखवणारे शब्द किंवा दृश्यं कार्यक्रमात चालणार नाहीत. जान कुमारचं भाषिकमध्ये बसतं, राघवचं वांशिक आणि प्रादेशिक दोन्हीत. मनात द्वेष होता का नव्हता हे त्यात विचारलेलंच नाही संदीपराव, काय दाखवलं ते बघतात. आणि लक्षात घ्या की हे लाइव्ह नसतं, एडिटिंग करून येतं. तो तुकडा ठेवायचा असं कोणीतरी बसून ठरवलेलं असतं, त्यामुळं बोलणाऱ्याइतकंच चॅनल जबाबदार.

२०२१ पासून तीन पायऱ्या आहेत. पहिली तक्रार चॅनलकडं, त्यांनी २४ तासात पोच द्यायची आणि १५ दिवसात निर्णय कळवायचा. नाही पटलं तर चॅनलवाल्यांची स्वनियमन संस्था, मनोरंजन वाहिन्यांसाठी ती बीसीसीसी. त्याच्या वर केंद्र सरकारची समिती. दुसऱ्या पायरीच्या तक्रारीला पत्ता लागतो तो बीसीसीसीचा, चॅनलच्या खालच्या पट्टीत अधूनमधून येतो, फोटो काढून ठेवायचा. कार्यक्रमाचं नाव, चॅनल, तारीख, वेळ आणि नेमकं वाक्य लिहायचं. तक्रार करायला तुम्ही आसामचे असायची गरज नाही, कोणीही प्रेक्षक करू शकतो.

या दोन क्लिपा जुन्या झाल्या, आता त्यांचं काही होणार नाही. पुढं असं काही दिसलं तर सांगा, मसुदा मी करून देतो, पैसे नकोत.

---

खानापूरची_लेक

वकीलसाहेब लई उपकार. नियम ६ चं ते वाक्य मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही करून द्याल का, किंवा चिक्कोडीचे दादा कन्नड करतील का? आमच्या ग्रुपवर दोन्ही भाषेची माणसं आहेत. काकांना मी फोन करणार आहे, ग्रुपवर परत भांडण नको. तमांगचं आणि थापांचं त्यांना माहीत नसणार, ते आधी सांगते.

---

चिक्कोडी_दोन्ही_भाषा

करतो ताई, आज रात्री टाकतो. आईकडनं तपासून घेतो, माझं लिहिलेलं कन्नड जरा कच्चं आहे.