कसबा पेठेतला पोटमाळ्याचा फ्लॅट घ्यावा का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कसबा पेठेत, शनिवारवाड्यापासून चालत तीन-चार मिनिटांवर एक फ्लॅट विकायला आहे. वाडा पाडून बांधलेली जुनी इमारत, सगळ्यात वरचा मजला, उंच छत आणि निम्म्या हॉलवर लाकडी जिन्याचा पोटमाळा. आईचं माहेर त्याच गल्लीतलं. ती परवा बघायला आली आणि खिडकीपाशी बराच वेळ नुसती उभी राहिली. त्यामुळे माझा जीव तिथे अडकलाय.

पण अडचणी आहेत. मालक पोटमाळा धरून क्षेत्रफळ सांगतात आणि मंजूर नकाशात तो दिसतच नाही. बँक कर्ज देताना हे धरेल का? प्रॉपर्टी कार्डावर (जमिनीच्या मालकीची सरकारी नोंद) अजून मूळ जागामालकाचंच नाव आहे, म्हणजे कन्व्हेयन्स, जमिनीची मालकी फ्लॅटधारकांच्या सोसायटीच्या नावावर करणं, झालेलं नाही.

खरी धास्ती वेगळीच. शनिवारवाडा केंद्राचं संरक्षित स्मारक, त्यामुळे १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरमध्ये पुरातत्त्व खात्याच्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते. उद्या इमारत थकली तर पुनर्विकास होणार कसा? अशी परवानगी कुणी काढली आहे का, किती महिने लागले? साध्या दुरुस्तीचा अनुभवही सांगा.

पेठेतल्या जुन्या मिळकतींचे कागद नीट वाचणारे वकील माहीत असतील तर कृपया मेसेज करा. रविवारी टोकन द्यायचं ठरतंय, पण कागद बघितल्याशिवाय मी एक रुपयाही देणार नाही.