फेरी, गोल, मूळवंश: नक्की हिशेब काय?

प्रश्न: थिऑसफीत (ब्लावट्स्कींच्या गूढविद्येच्या परंपरेत) मानवजात म्हणून आपण ‘चौथ्या’त आहोत असंही म्हणतात आणि ‘पाचव्या’तही. थिऑसफीतून वेगळा झालेला रुडॉल्फ स्टायनर वाचला की आणखी गोंधळ. मोजायचं कसं?

उत्तर १: दोन्ही बरोबर, मोजमापं वेगळी. पृथ्वीच्या ग्रहमालेत (ही सूर्यमाला नव्हे) ७ गोल, म्हणजे अस्तित्वाच्या ७ पायऱ्या. जीवनलहर (उत्क्रांत होणाऱ्या जीवांचा प्रवाह) सातही गोलांवरून गेली की १ फेरी, अशा ७ फेऱ्या. प्रत्येक गोलावर ७ मूळवंश (मानवजातीचे एकामागून एक येणारे टप्पे), म्हणजे एका फेरीत ४९. आपण चौथी फेरी, चौथा गोल, पाचवा मूळवंश. तिसरा लेमुरियाचा, चौथा अटलांटिसचा (दोन्ही बुडालेले मानलेले भूखंड). ‘फेरी’ आणि ‘वंश’ एकच धरले की सगळं गणित कोसळतं.

बाकीचे ६ गोल म्हणजे दिसणारे ग्रह नव्हेत. थिऑसफीवर लिहिणाऱ्या सिनेट यांनी मंगळ आणि बुध पृथ्वीच्या मालेत बसवले. ब्लावट्स्कींनी १८८८ च्या ग्रंथात ते खोडून काढलं.

उत्तर २: स्टायनरचे शनी, सूर्य, चंद्र हेही आजचे ग्रह नाहीत, पृथ्वीच्याच आधीच्या अवस्था आहेत. पुढे गुरू, शुक्र, व्हल्कन, एकूण ७. त्याचे अटलांटिसोत्तर संस्कृतिकाळ २१६० वर्षांचे: २५,९२० भागिले १२ राशी, संपातचलनावरून (पृथ्वीचा अक्ष डोलल्याने संपातबिंदू राशींतून सरकतो, त्याचा पूर्ण फेरा २५,९२० वर्षांचा धरून). ग्रीक-लॅटिन काळ इ.स.पू. ७४७ ते इ.स. १४१३, सध्याचा ३५७३ पर्यंत. हे काळ थिऑसफीच्या उपवंशांशी (मूळवंशाच्या पोटभागांशी) ताडून बघा, मूळवंशांशी नको.

उत्तर ३: आणि भूगर्भशास्त्राशी तर मुळीच नको. लेमुरिया हा लेमूर प्राण्यांच्या प्रसारासाठी १८६४ मध्ये सुचवलेला भूखंड. खंडच सरकतात हे सांगणाऱ्या भूपट्ट सिद्धान्तानंतर त्याची गरजच संपली. वंशांची ही उतरंड वाचताना एकोणिसाव्या शतकातला वंशवादही दिसतो, तो झाकू नये.