लादी पुसायचं पाणी घरी करताय? आधी लादी कसली ते बघा

ए-१०४ : मंडळी, मागे ग्रुपवर आलेलं ते व्हिनेगर आणि खाण्याच्या सोड्याचं पाणी कोणी वापरतं का? आमच्या हॉलमध्ये सोफ्यापुढे पांढुरका पट्टा उमटलाय. आधी वाटलं, पाणी वाळून राहिलंय. तीनदा पुसलं, जात नाही. बोट फिरवलं की तेवढीच जागा खरखरीत लागते.

सी-५०१ : आम्ही वापरतो. काय फसफसतं! त्या फेसानेच मळ वर येतो.

बी-३०२ : दादा, लादी कसली आहे तुमची?

ए-१०४ : संगमरवर.

बी-३०२ : मग तो डाग नाहीये हो. तिथे दगडच खाल्ला गेलाय. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल लागलं की विरघळतं. व्हिनेगर, लिंबू, काहीही आंबट त्याला चालत नाही.

ए-१०४ : पण काकू, सोडा घातला होता ना त्यात!

बी-३०२ : किती?

ए-१०४ : दोन कप व्हिनेगरला एक चमचा. तिथे काहीतरी चिकट सांडलं होतं म्हणून ते पाणी तसंच ओतून अर्धा तास ठेवलं.

बी-३०२ : तिथेच घोळ झाला. दोन कप म्हणजे अर्धा लिटर धरा. साध्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के ॲसिटिक आम्ल असतं, म्हणजे २५ ग्रॅम. ते पुरतं मारायला ३५ ग्रॅम सोडा लागतो, सात चमचे तरी. तुम्ही एक घातलात, बाकीचं आम्ल बसलं लादीवर. आणि सातही घातले असते तर आम्लही संपलं, सोडाही संपला. उरलं काय, तर सोडियम ॲसिटेटचं खारट पाणी. फेस दिसतो तो कार्बन डायऑक्साइड, सोड्याच्या बाटलीतला असतो तोच. मळ उचलायचं काम तो फारसं करत नाही.

सी-५०१ : पण आमची लादी तर लख्ख निघते 🙄

बी-३०२ : तुम्ही त्यात भांड्यांचं लिक्विड टाकता का?

सी-५०१ : टाकते की, अर्धं झाकण.

बी-३०२ : मग श्रेय त्याचं. आणि तुमच्या हाताचं 😄

डी-२०३ : मी तर त्यातच थोडं ब्लीच घालते, जंतूंसाठी. वास उग्र येतो, पण खिडकी उघडी ठेवते.

बी-३०२ : ताई, आजपासून बंद करा!! ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्यात आम्ल गेलं की क्लोरीन वायू सुटतो. तुम्हाला येतो तो वास बहुतेक त्याचाच. डोळे चुरचुरतात, छाती भरते, बंद बाथरूममध्ये तर जिवावर बेतू शकतं. संडास धुवायच्या ॲसिडबरोबर नको, अमोनिया असलेल्या कशाबरोबरही नको. ब्लीच वापरायचंच तर फक्त गार पाण्यात आणि लादी आधी साबणाने धुऊन. मळावर ओतलेलं ब्लीच मळातच खर्ची पडतं.

डी-२०३ : बाप रे. मला वाटायचं, वास आला म्हणजे काम करतंय.

सेक्रेटरी : काकूंचा मेसेज पिन केलाय. कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा, बादली त्यांच्या हातात असते.

ए-२०६ : संत्र्याच्या साली आंबवून केलेलं बायोएन्झाइम तरी चालेल ना संगमरवराला? एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने ठेवलंय.

बी-३०२ : नाही चालणार, तेही आंबटच. टाइल्सला पाण्यात पातळ करून बिनधास्त वापरा. मात्र ते काचेच्या बाटलीत भरू नका. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून वायू सोडावा लागतो. आमच्याकडे दोन दिवस राहिलं, तर प्लास्टिकची बाटली फुगून टम्म, बूड गोल होऊन आडवीच पडली.

ए-१०४ : मग आम्ही पुसायचं तरी कशाने?

बी-३०२ : अर्धी बादली कोमट पाणी, त्यात भांड्यांचं लिक्विड एक चहाचा चमचा. जास्त नको, साबण राहिला की लादी चिकट होते आणि धूळ अजून धरते. नंतर एकदा साध्या पाण्याचं फडकं, मग कोरडं. घरचंच करायचं असेल तर रिठे. दहा-बारा रात्रभर भिजवा, सकाळी पंधरा मिनिटं उकळा, कुस्करून गाळा. फेस येतोच, पण तेही किंचित आंबट असतं, म्हणून टाइल्सपुरतंच, संगमरवराला नको. चार-पाच दिवसांत वास मारायला लागतं, म्हणून थोडंच करा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

सी-५०१ : म्हणजे मी व्हिनेगर सोडून द्यायचं?

बी-३०२ : तुमच्या व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, तुम्हाला मुभा आहे. अर्ध्या बादलीत अर्धा कप, क्षाराचे पांढरे डाग जातात. सोडा मात्र नका घालू, त्यापेक्षा तो सिंक घासायला कोरडाच वापरा.

ई-४०२ : आमच्याकडे जुनी मोझॅक आहे. तिचं काय?

बी-३०२ : तिच्यात बहुतेक संगमरवराचेच तुकडे आणि सिमेंट, म्हणजे तोच नियम. खात्री नसेल तर उरलेल्या तुकड्यावर लिंबाचा थेंब टाका. संगमरवर असेल तर बारीक बुडबुडे येतात. नाही दिसले तरी दहा मिनिटांनी पुसून उजेडाकडे तिरका धरून बघा, गोल डाग उमटलेला असतो.

ए-१०४ : आणि आमच्या पट्ट्याचं?

बी-३०२ : पॉलिशवाला बोलवा. घासून नवी चकाकी आणावी लागते, पुसून जाणार नाही ते.

ए-१०४ : घरी सांगितलं. तूर्त सोफा दीड फूट पुढे ओढायचा ठरलंय. डी विंगमधलं कोणी मोकळं आहे का, एकट्याने हलत नाहीये.

डी-२०३ : हे येतायत खाली. ब्लीचची बादली ओतून देताहेत, पाच मिनिटं.