मानद पद द्या, पण हातात काही काम द्या
वरच्या प्रतिसादात कुणीतरी म्हटलंय की गायकाला संस्कृतीच्या प्रचारासाठी मानद सरकारी पद देणं म्हणजे निव्वळ शोभा. मला हे सरसकट पटत नाही. ब्राझीलमध्ये जिल्बेर्तो जिल हे गायक २००३ ते २००८ सांस्कृतिक मंत्री होते. त्यांच्या काळात २००४ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून वस्त्यांमध्ये आधीपासून काम करणाऱ्या गटांना पैसे मिळू लागले. अर्थात ते पूर्ण मंत्रिपद होतं, हाताशी खातं होतं. मानद माणसाकडे ते नसतं, आणि खरी अडचण तिथेच आहे.

राजस्थानातल्या मांगणियारांचं, म्हणजे पिढीजात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या समाजाचं, ‘कमायचा’ हे वाद्य बघा. कातड्याने मढवलेलं गोल लाकडी पोट, आतड्याच्या तारा, गजाने वाजवायचं. कमायचा वाजवणारे साकर खान यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली, याचा मनापासून आनंद आहे. पण वाद्य घडवणारा कारागीर आणि शिकणारं पोर, यांना सन्मानातून काय मिळतं? अशा कारागिरांची आणि पोरांची नावं चांगला कलावंत बरोबर सांगू शकतो. म्हणून पगार नसला तरी चालेल, पण शिष्यवृत्ती कुणाला द्यायची यात त्याचा शब्द चालला पाहिजे. नेमणुकीच्या आदेशातच तसं लिहून घ्यावं.