'सामान्य गृहिणी' नक्की कोण आहे?

देशपांडे काका ए-२०३: सगळ्यांनी वाचा!! 'एक सामान्य गृहिणी' या ताईंनी वॉर्डातल्या खड्ड्यांवर जबरदस्त लिहिलंय. शेअर करा 🙏

निखिल सी-५०४: काका वाचलं. दुसरी ओळ बघा, "मी काल वॉर्ड ऑफिसला गेलो होतो". गृहिणी आहे ना, मग गेलो??

मीनल बी-१०२: 😂😂

देशपांडे काका ए-२०३: टायपिंग मिस्टेक असेल रे. घाईत होतं.

निखिल सी-५०४: बरं, मग 'शेतकऱ्याचा मुलगा' आणि 'निवृत्त फौजी' ही अकाउंटंपण उघडून बघा, तिघांचा मजकूर शब्दन् शब्द तोच, आणि तिघांनीही भ्रष्टाचार शब्दात ठ घातलाय, भ्रष्ठाचार. तिन्ही अकाउंटं याच महिन्यातली, आणि गृहिणी रात्री अडीच ते चार दर दोन मिनिटाला पोस्ट टाकतेय, झोपते कधी

मीनल बी-१०२: फोटो झूम केला, एका कानात झुमका, दुसऱ्यात खडा. एआयचा दिसतोय

निखिल सी-५०४: हो, पण नुसत्या फोटोवर जाऊ नका, आता फोटो इतके साफ येतात की कळतच नाही. वागणं बघायचं, कधी उघडलंय, कोण कोणाला शेअर करतंय, इलेक्शन सोडून दुसरं काही बोलतंय का.

कुलकर्णी काकू सी-३०१: आमचा मुलगा ह्यूस्टनला असतो ना, तो सांगत होता, २०१६ च्या मे महिन्यात तिथे एका इस्लामिक सेंटरबाहेर समोरासमोर दोन मोर्चे, एक विरोधातला, एक बाजूचा. एक बोलावला 'हार्ट ऑफ टेक्सास' या फेसबुक पेजने, दुसरा 'युनायटेड मुस्लिम्स ऑफ अमेरिका'ने, आणि नंतर कळलं की दोन्ही पेजं चालवत होतं रशियातल्या सेंट पीटर्सबर्गचं एकच ऑफिस!! जाहिरातीचा खर्च सगळा मिळून २०० डॉलरच्या आसपास

मीनल बी-१०२: म्हणजे भांडणारे खरे आणि भांडण लावणारे खोटे?? 😳

निखिल सी-५०४: तेच ते ऑफिस, इंटरनेट रिसर्च एजन्सी, खोटी अकाउंटं चालवणारं. फेसबुकनेच नंतर सांगितलं की त्यांच्या पोस्ट १२ कोटी ६० लाख लोकांपर्यंत पोचल्या असतील. २०१८ ला अमेरिकेत त्यातल्या लोकांवर आरोपपत्रपण झालं. आणि हे फक्त रशियावाले करतात असं नाही हां, २०१९ च्या इलेक्शनआधी फेसबुकने आपल्याकडची काँग्रेस आणि भाजप दोघांच्या बाजूची पेजं काढली होती, तेव्हा कुणी आपल्या पार्टीचं म्हणून लगेच उड्या मारू नका

देशपांडे काका ए-२०३: पण खड्डा तर खरा आहे ना! परवाच माझी स्कूटर आपटली त्यात.

निखिल सी-५०४: खड्डा खराच आहे काका, म्हणून तर तुम्हाला पटकन पटलं. फोटो काढा आणि स्वतःच्या नावाने तक्रार टाका, मी पण टाकतो

मीनल बी-१०२: आणि ती तिन्ही अकाउंटं रिपोर्ट करा सगळ्यांनी, ब्लॉक नको आधी रिपोर्ट

देशपांडे काका ए-२०३: बरं बाबा. आता हे सांग, सकाळपासून हे मी भजनी मंडळ, भिशी आणि सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकलंय, तिन्हीकडून कसं काढायचं?